एकवीस दिवसांचे सुतक

माझ्या वडिलांना मी एकवीस दिवस खोट्या सुतकात ठेवले. ही गोष्ट घरात एका माणसाला आणि शेजारी एकाला ठाऊक आहे. दोघांनीही ती बाहेर कधी बोलून दाखवली नाही. आता माझी पन्नाशी उलटून चार वर्षे झाली, वडील जाऊनही पाच-सहा वर्षे होत आली. कोणी विचारण्याआधी ती आपणच लिहून ठेवावी असे वाटते. स्वतःची बाजू मांडण्याचा हेतू नाही. मांडायला गेलो तर ती चांगली मांडता येईल, एवढा कारकुनीचा सराव मला आहे. म्हणूनच जपून लिहितो आहे.

वडील याज्ञिक होते. आमच्या पेठेतल्या चाळीस-पन्नास घरांच्या मुंजी, लग्ने, श्राद्धे त्यांच्याच हातची. परंतु त्यांची खरी ख्याती प्रायश्चित्त सांगण्याची होती. कोणाच्या हातून काही चुकले, गाय दगावली, व्रत मोडले, खोटी शपथ वाहिली गेली, की माणूस सकाळी आमच्या ओटीवर येऊन बसे. वडील त्याला पाट देत, चार प्रश्न विचारीत आणि त्याच्या प्रकृतीला झेपेल असे प्रायश्चित्त सांगत. त्यांनी कोणाला रागावल्याचे मला आठवत नाही. घरी मात्र त्यांचे सोवळे कडक होते. त्यांच्या आंघोळीचे आणि पूजेचे पाणी आडाचेच हवे, आणि ते सोवळ्यातल्या माणसानेच काढलेले हवे.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांचे विसरणे सुरू झाले. आधी यजमानांची गोत्रे गेली, मग वार, मग पेठेतले रस्ते. एका दिवाळीत त्यांनी माझ्या पत्नीला, जी तीस वर्षे त्यांना वाढत होती, विचारले, "बाई, आपण कोणाकडच्या?" पुढे मलाही ते कधी ओळखत, कधी ओळखत नसत. विधी मात्र गेले नाहीत. संध्येतला एक शब्द चुकला नाही, की सुतकाच्या दिवसांच्या मोजणीत एका दिवसाचा फरक पडला नाही. आपण पूजा केली हे तेवढे त्यांच्या ध्यानात राहीना.

हे वाचताना हलके वाटते. रोजचे सांगतो. सूर्योदयाआधी मी आंघोळ करून ओल्या धोतराने आडावर जात असे. चार घागरी काढायच्या, घंगाळात ओतायच्या, वडिलांना आंघोळ घालायची, संध्येला बसवायचे, पूजेची तयारी करून द्यायची. पूजेला दीड घटका लागे. मग ते शांत बसत. मी अंगरखा चढवून, पगडी डोक्यावर ठेवून फडावर, म्हणजे सरकारी दफ्तरात, जायला निघे आणि उंबऱ्यापाशी पोहोचेपर्यंत मागून आवाज येई, "अरे, आज माझी आंघोळ राहिली. पूजेचं काय?"

आरंभी मी सांगत असे, की बाबा, पूजा झाली. त्यावर ते माझ्याकडे असे पाहत, जणू देवाविषयीही खोटे बोलणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला आहे. देवावरची ओली फुले दाखवली तर म्हणत, "ती कालची." मग आवाज चढे. मग ते स्वतःच आडाकडे निघत. एकदा त्यांना काठावर ओणवे झालेले पाहिल्यावर आम्ही वाद घालणे सोडले. ते म्हणतील तेव्हा पूजा. दिवसातून तीन वेळा तर ठरलेलीच, कधी चार, कधी पाच. पत्नीने काढलेले पाणी त्यांना चालेना, कारण ती त्यांच्या लेखी परकी बाई झाली होती. त्यामुळे फडावरून मला दुपारी पुन्हा घरी यावे लागे. ती बिचारी दिवसाला चार धोतरे धूत होती, चार वेळा पूजेची उपकरणी घासत होती, आणि मी नसताना आडाच्या वाटेवर आडवी बसून शिव्या खात होती. हे मी आज लिहितो. त्या दिवसांत मला फक्त माझे खांदे दुखत असलेले ठाऊक होते.

एकदा तिची नजर चुकवून ते घराबाहेर पडले. पेठेत शोध, नदीवर शोध, लकडी पुलापाशी शोध, कुठेच नाहीत. उन्हे कलली तेव्हा हडपसरचा एक शेतकरी त्यांना बैलगाडीत बसवून, ज्याला-त्याला विचारत आमच्या दारी घेऊन आला.

"म्हातारबा तुमचंच हाय का?" त्याने विचारले. "आमच्या मोटंपाशी आलं आन म्हनलं, मला न्हाऊ घाल, पूजा ऱ्हायलीया. मी घातलं न्हाऊ. पर फुलं न्हवती, तर मक्याचा तुरा दिला."

"किती वेळा घातलंत?" मी विचारले.

"दोनदा. तिसऱ्यांदा म्हनलं तवा बैल जुंपलं."

तो हसला. पत्नी हसली. त्या दिवशी हसू न आलेला तिथे मी एकटाच होतो. मला त्या माणसाचा राग आला, की हा दोन वेळाच घालून सुटला.

फडावर माझे काम नकला करण्याचे. राज्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांच्या मोडीत नकला करायच्या, ताळा पाहायचा, कागदांचा बंद बांधायचा. सत्तावीस वर्षे हे काम करूनही माझ्या नकलेत खाडाखोड नसे. त्या वर्षी होऊ लागली. एका पत्रात मी एकच ओळ तीन वेळा लिहिली. आमच्या मुख्य कारकुनांनी तो कागद दोन बोटांनी उचलला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने विचारले, "हे मामलेदाराला पत्र आहे, की नामजप?" फड हसला. मी दुसरा कागद घेतला आणि बोरू कापताना माझे बोट कापले.

धाकटा भाऊ उत्तरेकडे फौजेबरोबर हिशेबनीस होता. त्याची पत्रे येत. "तीर्थरूपांची सेवा आपल्या हातून घडते आहे, आपले भाग्य थोर. आम्ही दूरदेशी, आमच्या नशिबी हे पुण्य नाही." अक्षर सुंदर होते. ते पत्र मी दोनदा वाचले आणि चुलीत घातले. खरे सांगायचे तर त्याच्या शब्दांत मला झोंबले ते वेगळेच. ते पुण्य मला हवे होते. पेठेत लोक म्हणत, "मुलगा असावा तर असा." देवळापाशी बायका पत्नीला सांगत. समोरच्या खोल्यांत राहणारे वृद्ध पंतोजी, ज्यांनी अर्ध्या पेठेला धुळाक्षरे शिकवली होती आणि आता विधुर होऊन एकटे राहत होते, ते एकदा म्हणाले, "दुपारची वेळ मी बसत जाईन त्यांच्यापाशी. मलाही दुसरा उद्योग नाही. सोवळं माझंही आहे." मी हात जोडले आणि नको म्हणालो. "आपल्याला कशाला त्रास?" हे माझे शब्द. आपल्याशिवाय हे कोणाला जमणार नाही असे मानण्यात एक गोडी असते. त्या गोडीपायी मी स्वतःला आणि घरातल्या दोघांनाही पिळत होतो.

पौषात एका दुपारी मी चौथी आंघोळ घालत होतो. पाणी तापवलेले त्यांना चालत नसे. माझी बोटे गारठून वाकत नव्हती. ते हात वर करीनात. मी हात धरून ओढला. पुन्हा ओढला, आणि या वेळी त्यांच्या मनगटावर माझी चार बोटे उमटेपर्यंत दाबून धरला. तो मला सोडवत नव्हता. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अनोळखी माणसाशी बोलावे तशा अदबीने म्हणाले, "अहो, आपण कोण ते ठाऊक नाही, पण जरा हळू. माझा मुलगा फडावर गेला आहे. तो आला की तो घालील. त्याचा हात हलका आहे."

मी हात सोडला. अंग पुसले, धोतर नेसवले, पाटावर बसवले. पूजा होईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पूजा झाली होती. पगडी माझ्या हातात होती. मागून आवाज आला, "अरे, माझी पूजा—"

"बाबा, आज पूजा नाही," मी म्हणालो. "सुतक आहे."

हे मी ठरवून ठेवले नव्हते. आदल्या वर्षी खरेच एक दूरचे सुतक आले होते, आणि ते दिवस वडील किती शांत होते ते कुठेतरी मनात असावे. सुतकात देवपूजा बंद. संध्या करायची ती मनातल्या मनात. याज्ञिकाला हे दोनदा सांगावे लागत नाही.

ते थांबले. "कोणाचं?"

मला कोणीतरी मारणे भाग होते. त्यांचा एक चुलतभाऊ कोकणात होता, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. मी त्यांना आयुष्यात दोनदा पाहिले होते. माझ्या माहितीप्रमाणे ते ठणठणीत होते. मी त्यांचे नाव घेतले.

"कधी गेला?"

"षष्ठीला."

"पत्र कधी आलं?"

"आज."

"आज दशमी." त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "म्हणजे आजचा पाचवा. पाच राहिले." मग लगेच, "ऐकल्याबरोबर स्नान करायला हवं. अंगावरच्या वस्त्रांसकट."

"ते झालं, बाबा. ते पाहा धोतर." दोरीवर सकाळचे धोतर ओले लोंबत होते.

त्यांचे समाधान झाले. शास्त्र आधी पुरे झाले आणि मग ते हळूहळू खाली बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमची मुंज एका मांडवात झाली. त्याला झोप यायची, मी चिमटा काढून जागं ठेवायचो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मी पगडी घातली आणि वेळेवर फडावर गेलो. त्या दिवसापूर्वी मी वेळेवर कधी पोहोचलो होतो ते आठवेना.

दुपारी घरी आलो नाही. संध्याकाळी पत्नी म्हणाली, "दोनदा विचारलं त्यांनी. मी सांगितलं, सुतक आहे. दोन्ही वेळा नव्याने रडले." एवढे बोलून ती आत गेली. तिने चूक म्हटले नाही, बरोबर म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठण्याआधीच तिने एक कोरडे धोतर भिजवून दोरीवर टाकले होते. तीही दमलेली होती, हे मला त्या धोतरावरून कळले.

पहिला धरून सहा दिवस, असे मी मनाशी ठरवले होते. त्या सहा दिवसांत मोजणीही चोख ठेवली. षष्ठी ती षष्ठीच. खोट्याच्या आत मी प्रामाणिक होतो, आणि त्याचे मला थोडे समाधानही वाटत होते. सातव्या दिवशी सकाळी आडावर जायचे होते. अंथरूण उबदार होते. वडील उठले, त्यांनी विचारले, आणि माझ्या तोंडून निघाले, "सुतक आहे, बाबा." कधी गेला? षष्ठीऐवजी मी द्वादशी सांगितली. कागदावरची तिथी बदलणाऱ्या कारकुनाचे फडावर काय होते ते मला चांगले ठाऊक होते. इथे तपासणारा माणूस मी सांगेन तीच तिथी बोटांवर मोजत होता.

"म्हणजे आजचा पाचवा," ते म्हणाले.

त्यानंतर आमच्या घरी रोज सुतकाचा पाचवाच दिवस होता.

मला बरे वाटू लागले, हे लिहिलेच पाहिजे. खांदे दुखायचे थांबले. जेवण चवीने जाऊ लागले. अक्षर सुधारले. मुख्य कारकून म्हणाले, "घरी सर्व कुशल दिसतं." मी म्हणालो, "आपल्या आशीर्वादाने."

आणखीही एक गोष्ट. रोज नव्याने कळणाऱ्या त्या मृत्यूबरोबर वडिलांना रोज काहीतरी नवे आठवे. खाडीत पोहायला त्या चुलतभावानेच शिकवले. एकदा दोघांनी मिळून उपाध्यायांची होडी सोडून दिली. फणसाच्या झाडावरून थोरल्यांत तंटा झाला तेव्हा ही दोन मुले त्याच झाडाखाली बसून गरे खात होती. माझ्या वडिलांचे लहानपण मला ठाऊकच नव्हते. ते मला त्या एकवीस दिवसांत कळले. शेवटी मात्र ते रोज एकाच ठिकाणी येऊन थांबत. "मी पुण्याला यायला निघालो ते त्याला न सांगता. तो रडेल म्हणून. एकदा भेटायला हवं होतं." हे वाक्य कधी बदलले नाही. मी ते ऐकत असे आणि फडावर जात असे.

एकविसाव्या दिवशी मी आडावर घरचे पाणी काढत होतो. पंतोजी घागर घेऊन आले. त्यांनी ती काठावर ठेवली.

"काल तुमच्या वडिलांपाशी घटकाभर बसलो होतो," ते म्हणाले. "म्हणाले, चुलतभाऊ सकाळीच गेल्याचं कळलं. मी सांत्वन केलं."

मी दोर ओढत राहिलो.

"परवाही सकाळीच गेल्याचं कळलं होतं. मागल्या सोमवारीही." त्यांनी दोर माझ्या हातून घेतला. "तुमच्या भाऊबंदाला रोज सकाळी मरायची सवय दिसते. जिवंत माणसाचं मरण सांगितलं की आयुष्य वाढतं म्हणतात. एव्हाना त्याची शंभरी पक्की झाली असेल."

"पंतोजी, आपल्याला ठाऊक नाही—"

"मला समोर राहून ठाऊक नाही, असं म्हणा. चार वेळा आंघोळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी बसतो म्हणालो होतो. तुम्ही नको म्हणालात. तेव्हा वाटलं, संकोच. आता वाटतं, हिस्सा द्यायचा नव्हता."

"कशाचा?"

"चांगला मुलगा म्हणवून घेण्याचा." त्यांनी आपली घागर भरली. "मी कोणाला सांगणार नाही. शाळेत पन्नास वर्षं खोटं ऐकलं आहे, त्याचा बभ्रा करायची सवय नाही. पण त्या गरिबाला एकदाचं मरू द्या, नाहीतर जगू द्या."

मला त्यांचा संताप आला. दुसऱ्याच्या घरात डोकावणारा म्हातारा, ज्याला मागे ना पुढे कोणी, तो मला शिकवतो. दिवसभर नकला करताना मी मनात त्यांना उत्तरे देत होतो. उत्तरे चांगली होती. संध्याकाळी ती सर्व मी पत्नीला ऐकवली. ती निवडत असलेले तांदूळ तिने बाजूला ठेवले.

"मी एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"मरणच का सांगितलंत?"

"म्हणजे?"

"भाऊबंदांत कोणाला मूल झालं असं सांगितलं असतंत, तरी सोयराचे दहा दिवस पूजा बंदच राहिली असती. ते रोज नव्याने आनंदले असते. पहिल्या दिवसापासून माझ्या मनात येतंय. तुम्ही याज्ञिकाचे चिरंजीव, तुम्हाला कसं सुचलं नाही?"

सोयर सुतकाइतकेच पाळले जाते हे मला मुंजीपासून ठाऊक आहे. त्या सकाळी ते मनाच्या जवळपासही आले नाही. मला मरण सुचले, कारण माझ्या मनात त्या वर्षी मरणच चालू होते; मात्र कोकणातल्या त्या चुलत्यांचे नव्हे. आडावर दोर ओढताना, ओल्या धोतराने कुडकुडत पूजा संपायची वाट पाहताना, मी कशाची वाट पाहत होतो ते मी स्वतःला कधी विचारले नव्हते. पत्नीने ते विचारले नाही. तिने फक्त सोयर म्हटले.

"मला सांगायचं होतंस," एवढे मी म्हणालो.

"मलाही झोप हवी होती," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ ओढून घेतले.

दुसरा दिवस बाविसावा. मी जागा झालो तेव्हा वडील अंथरुणावर बसलेले होते. उजाडले होते. त्यांना अजून कोणी काही सांगितले नव्हते, आणि त्यांच्या गालांवर पाणी होते.

"कोणीतरी गेलं आहे ना?" त्यांनी मला विचारले. "कोण गेलं?"

मी समजत होतो, की ते विसरतात म्हणजे पाटी कोरी होते. रोजचे रडणे रोज पुसले जाते, त्याचे ओझे उरत नाही, असा हिशेब मी मांडला होता. कोण गेले हे ते विसरत होते. गेल्याचे दुःख मात्र त्यांच्या अंगात साठत चालले होते, आणि आता त्याला माझ्या सांगण्याचीही गरज उरली नव्हती. त्यांचा अंगरखा खांद्यावरून ढिला झाला होता. सुतकाचे म्हणून त्यांनी दूध सोडले होते, गोड सोडले होते. किती वाळले होते ते मी तेव्हा पाहिले.

मी त्यांच्यासमोर बसलो. "कोणी गेलं नाही, बाबा."

"मग मला असं का होतंय?"

"मी खोटं सांगितलं होतं. पूजा टाळायला. कोणी गेलेलं नाही. सगळे आहेत."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. मग डोळे पुसले, उपरणे नीट केले, पाठ ताठ केली. भिंतीशी पाट होता, त्याकडे हात करून म्हणाले, "बसा. कुठून आलात?"

क्षणभर मला कळले नाही. मग ती बसण्याची रीत मी ओळखली. लहानपणी ओटीच्या दाराआडून मी ती शंभरदा पाहिली होती. मी पाटावर बसलो.

"इथूनच," मी म्हणालो. "याच पेठेतला."

"अपराध जाणून, की अजाणता?"

"जाणून."

"एकदा, की अनेकदा?"

"एकवीस दिवस. रोज दोनदा, तीनदा."

"कोणाशी?"

"वडिलांशी."

"वडील हयात आहेत?"

"आहेत."

"त्यांना हे ठाऊक आहे?"

"आत्ताच सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

मला बोलता येईना. त्यांनी घाई केली नाही. पाटावर बसलेल्या माणसाला ते कधीच घाई करीत नसत.

"बरं, ते राहू दे," ते म्हणाले. "लाभ कसला होता? वतन? धन?"

"नाही. दमलो होतो."

"अजून दमलेले आहात?"

"हो."

"मग आज मी काही सांगत नाही. दमलेल्या माणसाला प्रायश्चित्त सांगितलं की तो ते मध्येच टाकतो, आणि एकाचे दोन दोष होतात. घरी जाऊन झोपा. वडिलांपाशी दुसरं कोणी आहे ना?"

पत्नी दारात उभी होती. कधी आली ठाऊक नाही.

"आहे," मी म्हणालो.

"मग त्यांच्यावर टाका. आणि विश्रांती झाली की या."

मी उठलो आणि त्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून, घोंगडीवर आडवा झालो. फडाची वेळ जवळ आली होती. सत्तावीस वर्षांत मी न कळवता कधी गैरहजर राहिलो नव्हतो. मला झोप लागली.

जागा झालो तेव्हा तिसरा प्रहर उलटला होता. माजघरात घंटी वाजत होती. पंतोजी ओल्या धोतराने कुडकुडत वडिलांच्या शेजारी उभे होते आणि वडील त्यांना सांगत होते, की त्यांचा स्वर खालचा लागतो. पत्नीने मी झोपल्यावर जाऊन त्यांना बोलावले होते. एवढी साधी गोष्ट होती. समोरच्या दारापर्यंत जायचे आणि या म्हणायचे.

मला पाहून पंतोजी म्हणाले, "उठलात? तिसरी चालू आहे. मला वाटायचं, तुम्ही फुगवून सांगता."

वडील त्यानंतर सव्वा वर्ष होते. दुपारच्या पूजा पंतोजींनी घेतल्या. स्वरांवरून रोज दोघांचे भांडण होई आणि रोज ते पहिलेच भांडण असे. मी सुधारलो असे म्हणता येणार नाही. मी पुन्हा ओरडलो. एकदा तांब्या भिंतीवर फेकला. त्याला पडलेला पोचा पत्नीने लाकडाने ठोकून काढला. पुढे भावाचे पत्र आले तेव्हा मी पहिल्यांदा खरे उत्तर लिहिले, की मी थकलो आहे, तू रजा घेऊन ये. तो आला नाही. पण त्याच्या पत्रांतले पुण्य बंद झाले. आणि वडील गेले तेव्हा मला आधी हलके वाटले, मग रडू आले. हा क्रम मी लपवत नाही. खऱ्या सुतकाचे दहा दिवस मी मोजून पाळले. एकही तिथी सरकवली नाही.

"विश्रांती झाली की या," असे ते म्हणाले होते. ते असताना मी दोन-तीनदा त्या पाटावर जाऊन बसलो. ते मला विचारीत, "पूजेची तयारी झाली का?" आणि मी उठून तयारीला लागे. प्रायश्चित्त सांगायचे राहून गेले. आता विश्रांती पुष्कळ आहे. पेठेत प्रायश्चित्त सांगणारे आणखी दोघे आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या ओटीपर्यंत मी दोनदा जाऊन आलो आहे. तोही विचारील, वडील हयात आहेत का, आणि कळल्यावर काय म्हणाले. मला झोपायला सांगितले, हे खरे उत्तर आहे. ते तोंडातून निघेल असे अजून वाटत नाही, म्हणून मी जोडे न काढताच मागे फिरतो.